नावाचा मालक

“मालक, तुम्ही फक्त एवढंच विचारायचं,” वकीलबाई म्हणाल्या. “‘त्या दिवशी त्याची सुट्टी होती ना?’ त्याच्या घरचे हो म्हणतील. मग सांत्वनाचे दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. फार वेळ बसू नका.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“का नाही म्हणतील? सुट्टी होतीच. करारात तुम्हीच तर घातलीय.”

हे खरं होतं. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर परदेशी कंपनीची दोन माणसं दिसत होती. एक बाई होती, तिचं नाक रडून लाल झालं होतं. तिच्या शेजारी कंपनीचा कायदेवाला बसला होता आणि त्याचं नाक अगदी होतं तसं होतं.

“तो आमचा फार चांगला माणूस होता,” बाई तिच्या भाषेत सांगत होती. मालकांना ती भाषा कामापुरती समजायची. “शेवटचा फोन त्यानंच घेतला. एक आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या. गळ्यातलं बटण त्यांनी कसंबसं दाबलं. मदत पोहोचेपर्यंत तो त्यांच्याशी बोलत राहिला, त्यांना हसवत राहिला. आजी आता बऱ्या आहेत. सारख्या विचारतात, तो हसरा मुलगा कुठे गेला? त्यांच्यानंतर लगेच दुसरा फोन आला, तो मात्र त्यानं उचलला नाही. त्याच वेळी बहुतेक त्याला...”

कायदेवाल्यानं घसा खाकरला. बाई थांबली.

“हे त्यानं स्वखुशीनं केलं,” कायदेवाला म्हणाला. “एखाद्या सहकाऱ्याशी आपापसात पाळी बदलली असेल. आम्हाला सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. कागदोपत्री त्याचा सुट्टीचा दिवस होता, आणि आठवड्याची सुट्टी सक्तीची ही तर तुमच्याच करारातली अट. सुट्टीच्या दिवशी माणसाला घरी झटका आला तर तो कामावरचा मृत्यू कसा होईल?”

वकीलबाईंनी दुःख व्यक्त केलं, सहकार्याचं आश्वासन दिलं आणि पडदा बंद केला.

मालक हे काही खरे मालक नव्हते. भाड्याच्या दोन खोल्यांत राहत, जुनी छत्री दुरुस्त करून वापरत, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बसऐवजी पायी येत. चष्म्याच्या दुकानावरच्या त्या कचेरीत तेही पगारी नोकरच होते. पण त्यांची नोकरी होती मालक असण्याची. इथल्या कायद्याला दारच नसलेली कंपनी चालत नाही. माणूस कामाला ठेवायचा तर त्याला देशातला मालक पाहिजे, नाव-पत्ता असलेला, ज्याच्या दारावर समन्स चिकटवता येईल असा. परदेशी कंपन्यांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, पडद्यावर मुलाखत घेतली, पगार पाठवला की झाली नोकरी, आणि नको झालं की एक ओळ लिहून माणूस काढला. मग कुठेतरी अडतात आणि वकीलबाईंकडे येतात. वकीलबाई त्यांना पहिला धडा देतात: तुमच्याकडे चालतं ते इथे चालेलच असं नाही. इथे बाळंतपणाची रजा द्यावी लागते, काढायचं तर आधी सांगावं लागतं, कामावर काही झालं तर मालकाला उत्तर द्यावं लागतं. हे सगळं ऐकून कंपनीचा चेहरा पडला की त्या हळूच म्हणतात, काळजी करू नका, कागदावर आम्ही मालक होतो. कंपनीनं काम द्यायचं, पैसे पाठवायचे. मालकाच्या रेघेवर सही करायला आमच्याकडे माणूस आहे.

तो माणूस म्हणजे हे. वकीलबाईंपासून खालच्या चष्मेवाल्यापर्यंत सगळे त्यांना मालक म्हणत. घरी बायकोही म्हणायची. “मालक, गॅस संपलाय.” “मालक, तुमच्या राज्यात पंखा कधी दुरुस्त होणार?” तेही हसून घेत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. शेकड्यानं माणसं त्यांच्या सहीनं कामाला होती. त्यातलं कोण काय करतं हे त्यांना करारात लिहिलं असेल तेवढंच माहीत. कचेरीत कंपन्यांनाही टोपणनावं होती. एक बूटवाली, एक नकाशेवाली, आणि ही आजीवाली. परदेशातले एकटे राहणारे म्हातारे गळ्यात बटण घालून हिंडायचे, पडले-झडले की दाबायचे, आणि त्यांच्या हाकेला ओ द्यायला इथली पोरं आपापल्या घरी कानाला यंत्र लावून बसायची.

एक गोष्ट मात्र मालक स्वतःच्या मनानं करत. करार संगणकावरून पाठवला तरी चालला असता, पण ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी कचेरीत बोलावून घेत. खुर्ची देत, चहा मागवत, आणि सगळा करार त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवत. ही तुमची रजा. ही तुमची सुट्टी, ती कुणाच्या बापाला मागायची नाही. शेवटी आपला नंबर त्याच्या फोनमध्ये घालायला लावत आणि म्हणत, “काही झालं तर मला फोन करा. कागदावर का होईना, मी तुमचा मालक.” माणसं हसायची आणि नंबर ठेवून घ्यायची. इतक्या वर्षांत त्या नंबरवर कुणी फोन केला नव्हता.

ही खोड जुनी होती. पूर्वी ते एका कौलांच्या कारखान्यात कारकून होते. तिथला मालक खरा मालक होता, आणि खऱ्या मालकासारखाच कंजूष आणि तोंडाळ. कामगार त्याला सकाळ-संध्याकाळ शिव्या घालत. एकदा भट्टीची भिंत पडून एक माणूस गेला. त्या दिवशी हा म्हातारा मालक त्याच्या घरी चालत गेला, बूट बाहेर काढले, कुणी बसा म्हटलं तरी बसला नाही, आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, “माझा माणूस होता. माझ्या कामावर गेला.” पुढे कारखाना बंद पडला, माणसं पांगली. पण अजूनही त्यातलं कुणी रस्त्यात भेटलं तर शिव्या घालून झाल्यावर त्या दिवसाची आठवण काढायचंच.

परवा दुपारी मालकांचा फोन वाजला तो त्या पोराच्या बहिणीचा.

“तुम्ही त्याचे मालक ना?” ती म्हणाली. “त्याच्या फोनमध्ये ‘मालक’ एवढंच नाव आहे, म्हणून लावला. धाकटा गेला हो. खुर्चीत बसल्या बसल्या गेला. कानाला ते यंत्र तसंच होतं.” मग म्हणाली, “बाबा काही बोलत नाहीत. तुम्ही या एकदा. तो कामावर असताना गेला की नाही, एवढं तरी सांगा.”

मालक येतो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण त्यांनी फोन ठेवला आणि पाचच मिनिटांत वकीलबाईंना कंपनीचा निरोप आला.

“ऐका मालक,” वकीलबाई आता म्हणाल्या. पडदा बंद झाल्यावर त्या थोड्या थकलेल्या दिसत होत्या. “मी काही दगड नाही. पण कामावर गेला म्हटलं की सुट्टीच्या दिवशी कामाला का बसवला, हा प्रश्न आलाच. कंपनीला दंड, वर बदनामी. ते लोक सरळ दुसऱ्या देशात जातील. तिथेही फोन घेणारी पोरं आहेतच. इथली तीस-एक घरं या कंपनीवर चालतात. तुमचंही त्यातच आलं.”

“आणि त्याच्या घरच्यांना?”

“कामावरचा मृत्यू असता तर सरकारी निधीतून बापाला आणि बहिणीला दर महिन्याला काहीतरी मिळालं असतं. तसं नसेल तर नाही. त्यांना वाटलं तर दावा लावतील. परदेशातल्या कंपनीविरुद्ध पुरावे गोळा करतील, वर्षं घालवतील.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तिथे चार लोकांसमोर काही बोलून बसू नका. मालकानं तोंडानं कबूल केलं की विषय संपला. मग पुरावा लागत नाही, आणि शब्द मागेही घेता येत नाही. इथला कायदाच तसा आहे. म्हणून सांगते, विचारा आणि या.”

बसमध्ये मालकांना खिडकीची जागा मिळाली. बाहेर बघत ते त्या सुट्टीचाच विचार करत होते. करार ठरताना आजीवाली कंपनी सुट्टी द्यायला तयार नव्हती. म्हातारी माणसं काय वार बघून पडतात का, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मालक कधी नव्हे ते हट्टाला पेटले होते. “आमचीही माणसं आहेत, एक दिवस झोपू देत,” असं त्यांनी वकीलबाईंकडून ठणकावून कळवलं होतं. शेवटी कंपनी नमली. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी बायकोसाठी मिठाई नेली होती. आणि आता तीच सुट्टी कंपनीनं ढालीसारखी पुढे धरली होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. पोरानं सुट्टी घेतली नाही, घेतली कंपनीनं.

इमारत जुनी होती. जिन्याच्या कठड्याचा रंग हातांनी घासून गेला होता. तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडं होतं आणि बाहेर चपला-बुटांचा ढीग. मालकांनी बूट काढले आणि मोजा फाटलेला आहे हे त्यांच्या लक्षात आलं. खऱ्या मालकाचा मोजा फाटलेला नसतो, असा एक खुळा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

आत शेजारपाजारचे आणि नात्यातले दहा-बारा लोक बसले होते. खुर्च्या चार घरांतून आणलेल्या असाव्यात, एकीला दुसरी जुळत नव्हती. कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत म्हातारे वडील बसले होते. पांढरा सदरा, जाड बोटं, आणि समोरचं नीट दिसत नसल्यामुळे किंचित पुढे काढलेली मान. त्यांच्यामागे एक दार होतं, तेवढं बंद.

“कोण आलं?” वडिलांनी विचारलं.

“मालक आलेत, बाबा,” दारात आलेली बहीण म्हणाली. आवाजावरून मालकांनी तिला ओळखलं.

खोलीतलं बोलणं थांबलं. वडील खुर्चीचे हात धरून उठले, सदरा खाली ओढला आणि सरळ उभे राहिले. आयुष्यभर लेथवर टर्नर म्हणून काम केलेला माणूस, मालक आले म्हटल्यावर पाय आपोआप उठले.

“बसा हो काका, बसा,” मालक ओशाळून म्हणाले.

“मालक म्हणजे... धाकट्याचे?”

“हो.”

“म्हणजे मालक होता तर,” वडील म्हणाले आणि हळूहळू खाली बसले.

बहिणीनं मालकांना वडिलांच्या समोरचीच खुर्ची दिली. चहा आला. मालकांनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला. बोलायचं वडिलांनाच होतं. दोन दिवस मिटलेलं तोंड आता या परक्या माणसासमोर उघडलं.

“मी टर्नर होतो, साहेब. आमची नोकरी म्हणजे कशी, भोंगा वाजला की डबा घ्यायचा आणि निघायचं. संध्याकाळी हात काळे करून आणि मालकाला शिव्या घालत घरी यायचं. तुम्ही राग मानू नका.”

“छे, छे.”

“पण हा घरातच. दार लावून आत बसायचा, तासन्‌तास. कान लावला तर परकी भाषा. आणि बोलणं कसं, तर गुलूगुलू. एखाद्या लहान पोराला समजवावं तसं, मधेच हसायचं, मधेच लाडीगोडी. मला वाटलं कुणी बाई आहे. लग्नाचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं करायचा, आणि दाराआड हे चाळे! मी कितीदा त्याला म्हटलं, अरे, ज्याला शिव्या घालायला मालक नाही ती कसली नोकरी?”

एक-दोघांच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच विरलं.

“पगार तर आणायचा ना, बाबा,” बहीण म्हणाली.

“आणायचा. मला वाटायचं, ती बाईच देत असेल.”

या वेळी कुणी हसलं नाही. वडिलांनी डोळे पुसले नाहीत, फक्त मिचकावले. “हे मोतीबिंदू झालेत. त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तो आदल्या दिवशी म्हणाला, ‘बाबा, उद्या सुट्टी आहे, मी नेतो तुम्हाला.’ सकाळी मी कपडे करून इथेच बसलो. दार बंद. ठोठावलं, तर आतून म्हणाला, ‘कामावर आहे बाबा, अचानक बोलावलंय, थोडं थांबा.’ मी थांबलो. मग कान लावला तर आत हसत होता. खदाखदा नाही, हळू. माझं डोकं फिरलं. मी दार बडवलं.” त्यांनी मूठ उचलून दाखवली आणि ती तशीच मांडीवर ठेवली. “म्हटलं, ‘मालक तरी आहे का रे तुला? असेल तर आण त्याला माझ्यासमोर!’ आणि एकटाच निघून गेलो. परत आलो तरी दार बंदच होतं. म्हटलं, बस. बस म्हणावं आत. मी काही हाक मारत नाही.”

बहिणीनं तोंडाला पदर लावला.

मालकांचा चहा गार झाला होता. ‘अचानक बोलावलंय.’ म्हणजे अदलाबदल नव्हती की काही नव्हतं. कंपनीनं बोलावलं होतं, पोरगा कामावर गेला होता, आणि जाण्यासाठी त्याला घराबाहेर पडावं लागत नसल्यामुळे ते कुणाला दिसलं नव्हतं. मालकांना सगळं समजलं आणि तरीही त्यांच्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडलं, जे पाठ करून आले होते.

“काका, म्हणजे... त्या दिवशी त्याची सुट्टी होती ना?”

“हो,” वडील लगेच म्हणाले. “सुट्टीच होती. तोच म्हणाला होता. काम वगैरे काही नसणार. मला टाळायचं म्हणून सांगितलं असेल.” त्यांचा आवाज खाली गेला. “म्हाताऱ्याला कुठे डॉक्टरकडे घेऊन जायचं, कंटाळा आला असेल. शेवटचं बोलला तेही खोटंच.”

“बाबा, असं नका हो म्हणू!”

“मग काय म्हणू?”

वकीलबाईंना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. एकाच प्रश्नात, चार लोकांसमोर, बापाच्याच तोंडून. आता सांत्वनाचे दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. खाली स्टॉपवर बस मिळाली असती. उद्या कचेरीत सगळं नेहमीसारखं चाललं असतं, ती तीस घरं चालली असती आणि त्यात मालकांचंही. बायको अजून पंख्यावरून बोललीच असती. आणि हा म्हातारा या खुर्चीत, मरेपर्यंत, आपला मुलगा आपल्याला टाळून गेला असं समजत बसला असता.

“तुम्ही सांगा ना, मालक,” बहीण त्यांच्याकडे वळली. “होता का तो कामावर?”

मालकांनी कप खाली ठेवला आणि ते उभे राहिले. असं उभं राहायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. फाटक्या मोज्यातला अंगठा त्यांनी दुसऱ्या पायाखाली घेतला, मग तेही सोडून दिलं.

“तो तुमच्याशी खोटं बोलला नाही, काका,” ते म्हणाले. “तो कामावर होता. सुट्टी कागदावर होती. ती मीच लिहिली होती, पण त्याला मिळाली नाही. मी त्याचा मालक आहे आणि मी सगळ्यांसमोर सांगतो. माझा माणूस होता. माझ्या कामावर गेला.”

वडिलांनी मान आणखी पुढे काढली, जणू आता त्यांना हा माणूस नीट बघायचाच होता.

“आणि ते हसणं?”

“एक म्हातारी बाई होती. परदेशात, एकटी राहणारी. बाथरूममध्ये पडली होती, उठता येत नव्हतं. अशा लोकांशी बोलायचं, मदत येईपर्यंत त्यांना धीर द्यायचा, हे त्याचं काम. ती घाबरली होती, म्हणून तो तिला हसवत होता. ते तुम्ही ऐकलंत.”

“रोज हेच?”

“रोज हेच. दिवसभर. कुणी पडलेलं, कुणी घाबरलेलं. सगळे म्हातारे.”

वडील बराच वेळ आपल्या मुठीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती उघडली.

“वाचली का ती?”

“वाचली. बरी आहे. त्याची सारखी चौकशी करते म्हणे.”

“केवढी असेल?”

“असेल तुमच्याएवढी.”

“तिला कळवलंत का?”

“माहीत नाही,” मालक म्हणाले. “विचारतो.”

“नका कळवू,” वडील म्हणाले. “म्हातारं माणूस आहे. उगाच जिवाला लावून घेईल.”

बहीण आता मोठ्यानं रडत होती. शेजारणीनं तिला जवळ घेतलं. मालक बाहेर जिन्यात आले आणि त्यांनी वकीलबाईंना फोन लावला. उशीर केला असता तर धीर सुटला असता, एवढं ते स्वतःला ओळखून होते.

“बाई, मी बोललो.”

“काय बोललात?”

“कामावर होता म्हणालो.”

“कुणासमोर?”

“सगळ्यांसमोर. आणि कंपनीनंच बोलावलं होतं त्याला. वडिलांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.”

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार लागलं.

“तुम्हाला सांगितलं होतं मी, मालक.”

“हो. सांगितलं होतं.”

“आता त्या तीस जणांना काय सांगू, ते तुम्हीच मला सांगा.”

मालक खोटं काही बोलू शकले असते, की कंपनी जाणार नाही, सगळं निभावेल. पण त्यांना माहीत होतं की बहुधा कंपनी जाईल, आणि त्या तीसपैकी कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या नंबरवर फोन करील, आणि तो फोन त्यांना उचलावा लागेल.

“सगळ्यांना मी स्वतः भेटेन,” ते म्हणाले. “मालक मी आहे ना.”

“नावाचे,” वकीलबाई म्हणाल्या. पण त्यात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं, “वडील कसे आहेत?” आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

मालक कठड्याला टेकून उभे राहिले. बूट घालावे आणि जावं असं त्यांना वाटत होतं. बायकोला काय सांगायचं ते वाटेत ठरवता आलं असतं. त्यांनी बुटांच्या ढिगात आपले बूट शोधलेही. तेवढ्यात आतून भिंतीला हात लावत लावत वडील दारापर्यंत आले.

“मालक, एक मिनिट आत येता? त्याची जागा बघून जा. तुमची वस्तू असेल काही आत, ते कानाचं वगैरे. आम्ही हात लावलेला नाही.”

“नंतर बघू, काका. घाई नाही.”

“नको. आलात तर बघून जा.”

बसलेल्या माणसांनी पाय आखडून वाट दिली. वडील पुढे, मालक मागे. बंद दाराशी आल्यावर मालकांना वाटलं, म्हातारा आता दार उघडील. वडिलांचा हात कडीकडे गेलाही, पण तिथून मागे आला. दाराच्या लाकडावर, मुठीच्या उंचीला, रंगाचा एक टवका उडालेला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग बोटं वाकवून दारावर टकटक केली, इतकी हळू की आत कुणी फोनवर बोलत असतं तर त्याला त्रास झाला नसता.

“धाकट्या,” दाराशी तोंड नेऊन ते म्हणाले, “मालक आलेत रे.”

आणि आतून कुणी हो म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबून त्यांनी दार उघडलं.